ट्रॅक्टरची खांदशेकणी

माझी बायको गेली त्याच वर्षी माझ्या मोठ्या भावानं आमचा ट्रॅक्टर भंगारात द्यायचं ठरवलं. मले विचारलं नाही. निंबाखाली खाटेवर बसून तो दुसऱ्याच कोणाले सांगून राहिला होता की उद्या कामठीहून कबाडीवाला येणार, ते मी कुंपणाच्या अलीकडून ऐकलं. ट्रॅक्टर दोघांचा होता, दोघांच्या बैलजोड्या विकून घेतलेला. पण तो मोठा, मी धाकटा, अन् वरून कमी शिकलेला. सही करतानाही माझी जीभ बाहेर येते. असल्या माणसाले काय विचारायचं?

मी कुंपण ओलांडून गेलो अन् म्हटलं, ट्रॅक्टर दे कोणाले द्यायचा त्याले, मले फक्त त्याचं स्टेअरिंग पाहिजे.

तो हसला. म्हणाला, "बायको गेली म्हणून आता घर स्टेअरिंगनं चालवतो का गा?"

बसलेले दोघं-तिघं पण हसले. तेरवीले माझ्या घरी जेवून गेलेले लोक होते ते. मी त्यांची तोंडं अजून विसरलो नाही. मग भाऊ म्हणाला, उद्या दुपारी ट्रक येईल, तोवर निघालं तर तुझं, नाही निघालं तर गेलं.

ते स्टेअरिंग मले काहून पाहिजे होतं, ते त्याले ठाऊक होतं. गावाले ठाऊक होतं. तुम्हाले सांगतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून मान सोललेली असते. म्हणून कोमट पाणी घालायचं, हळद अन् लोणी पळसाच्या पानानं चोळायचं, अन् उद्या जेवाले या म्हणून बैलाले आवतण द्यायचं. लग्न होऊन आल्यापासून आमच्या घरी हे काम हिचं होतं. बैल विकले तेव्हा ती कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही. त्या वर्षी पोळा आला अन् गोठा रिकामा. मले वाटलं, रडेल. ती कसली रडते! संध्याकाळी पाण्याचं भगोणं घेतलं अन् सरळ ट्रॅक्टरवर चढली.

मी म्हटलं, "काय करून राहिली वं? त्याले कुठं खांदा आहे?"

ती म्हणाली, "ओझं वाहते ना? मग असंल कुठंतरी."

अन् तिनं शोधला. स्टेअरिंग जिथं दांड्यावर बसतं, तिथं मधोमध एक टोपी असते. ती म्हणाली, माणूस सगळा जोर इथं लावते, इथंच दुखत असंल. तिथं तिनं पाणी घातलं, हळद-लोणी चोळलं, एका हातानं स्टेअरिंग धरून दुसऱ्या हातानं. मग खाली उतरून ट्रॅक्टरच्या समोरच्या दिव्याजवळ तोंड नेलं अन् जेवणाचं आवतण दिलं. दुसऱ्या दिवशी सीटवर पुरणपोळी ठेवली. ती कोंबड्यांनी खाल्ली, पण तिनं ठेवली.

लोक पाहाले आले. हसले. पाटलानं सांगितलं की पोळ्याच्या रांगेत हे धूड आणायचं नाही. ती म्हणाली, नाही आणत, त्याचा पोळा घरीच होईल. अन् जोवर तिचे पाय चालले तोवर तिनं तो दरवर्षी केला. ट्रॅक्टर चालायचा बंद झाला, त्याच्या चाकाखाली गवत उगवलं, तरी केला. स्टेअरिंगच्या काळ्या कड्याले जिथं ती डावा हात धरायची, तिथल्या भेगांत हळद बसली होती. ती मले पाहिजे होती. एवढंच.

सकाळी मी कामठी रोडवरून एक मिस्त्री आणला. तरणा पोरगा होता, बोलणं हिंदी, हात चांगला. त्यानं मधली टोपी काढली तर खाली नट दिसेना, नुसता तांबडा गोळा. त्यानं तो खरवडला, रॉकेल सोडलं, पान्यावर लांब पाइप चढवून आम्ही दोघं लोंबकळलो, तेव्हा नट करकरत हलला. पण स्टेअरिंग दांड्यावर असं बसलं होतं जणू दोन्ही एकाच लोखंडाचे. मग त्यानं पुलर लावला. पुलर म्हणजे दोन बाजूंनी पकडून वर ओढायचं लोखंडी अवजार. त्यानं आवळत आणलं तर स्टेअरिंगचा आरा वाकाले लागला. मी त्याचा हात धरला. मोडकं घेऊन मी काय करणार होतो?

तो म्हणाला, "चाचा, गरम करना पडेंगा. गॅस लाता हूं, दो मिनट का काम है."

मी नाही म्हटलं. गॅसच्या ज्वाळेनं कडं जळालं असतं, हळद जळाली असती. तो बिचारा घाम पुसत म्हणाला की मग हे होत नाही, यात सालोसाल पानी गया है. अन् विचारलं, "इसमें पानी डाला किसने?"

मी बोलायच्या आत खाटेवरून भाऊ बोलला. "याच्या बायकोनं. खांदे शेकत होती मशीनचे. तिच्याच पाण्यानं खाल्लं ट्रॅक्टरले."

मिस्त्री हसला नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगतो. पण माझ्या हातात पाना होता अन् तो मी खाली ठेवला, ते बरं झालं. त्या ट्रॅक्टरचं इंजिन कोणी जाम केलं, ते अख्ख्या गावानं पाहिलं होतं. प्लॉट पाडणाऱ्या लेआउटवाल्यांनी आमच्या बाजूच्या वावरात चुन्याच्या रेघा मारल्या तेव्हा यानं ट्रॅक्टर त्यांच्या मुरमाच्या खेपांवर लावला. सकाळपासून अंधार पडेपर्यंत खेपा. ऑइल पाहायचं नाव नाही. एक दिवस धूर काढून तो भर रस्त्यात थांबला, अन् बैल लावून ओढत आणला. दुसऱ्याचे बैल. मग उभा केला उघड्यावर. मी ताडपत्री टाकली तर ती काढून यानं धानावर नेली.

मी म्हटलं, "दादा, मेलेल्या बाईवर घालू नको. इंजिनात तिनं पाणी ओतलं नाही. ऑइल तू ओतलं नाही."

तो पान थुंकला. म्हणाला, ट्रक यायची वेळ झाली, भाषण कमी कर.

मी सीटवर जाऊन बसलो. मिस्त्रीचं ते 'गरम करना' डोक्यात फिरून राहिलं होतं. मग मनात आलं, गरमच करायचं तर त्याले आगच काहून पाहिजे? मी तिथूनच वहिनीले हाक मारली अन् उकळतं पाणी मागितलं.

वहिनी माझ्या बायकोची मोठी जाऊ. एका चुलीवर दोघींनी वर्षं काढली, नंतर चुली वेगळ्या झाल्या, अन् वहिनी माझ्या घरी फारशी आली नाही. नवरा बोलला की ती खाली पाहायची. त्या दिवशी ती पदरानं धरून भगोणं घेऊन आली. भाऊ ओरडला, चहाचं सरपण काहून जाळून राहिली? ती म्हणाली, "पाणीच तर आहे." अन् माझ्या हातात देताना हळूच म्हणाली, "तिचं कोमट असायचं. हे उकळतं आहे, हात सांभाळा भाऊजी."

मी पाणी पाहिलं. पिवळं होतं. हळद मी मागितली नव्हती.

मिस्त्रीनं स्टेअरिंगच्या मधल्या गड्ड्याले गोणपाटाचा तुकडा गुंडाळला अन् मी त्यावर पाणी ओतत गेलो, हळूहळू, सगळीकडून. वाफ निघाली. मग त्यानं तेल सोडलं. नट दोन आटे उलटा चढवून ठेवला, म्हणजे दांड्याचं तोंड फुटू नये. मी सीटवर बसून दोन्ही गुडघे स्टेअरिंगखाली घातले अन् वर रेटलं, त्यानं नटावर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडा मारला. काही नाही. पुन्हा पाणी, पुन्हा तेल, पुन्हा गुडघे. वहिनी दुसरं भगोणं घेऊन आली. तेही पिवळं. गुडघे फुटतील असं वाटलं तेव्हा आतून कडकन आवाज आला अन् नट काढल्याबरोबर स्टेअरिंग माझ्या मांडीत येऊन पडलं. अख्खं.

तेवढ्यात ट्रक आला. कबाडीवाल्यानं ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली अन् म्हणाला, सौदा पूरे का हुआ था, स्टेअरिंग किधर है? भाऊ लगेच मले म्हणाला, ठेव ते खाली. काल सगळ्यांसमोर दिलेला शब्द, अन् आज ठेव ते खाली.

मी म्हटलं, "वजनात कमी पडत असंल तर मले टाक गाडीत."

अन् स्टेअरिंग खांद्यात अडकवून कुंपण ओलांडून घरी आलो. मागून काय बोलले, ते ऐकाले मी थांबलो नाही.

त्याले आता खूप वर्षं झाली. वहिनी पण गेली. भाऊ आहे. लग्नाकार्यात जेवणं झाली, सुपारी फुटली की तो अजून ती गोष्ट सांगतो, एका येड्या बाईनं पाणी घालून ट्रॅक्टर कसा खाल्ला. मुरमाच्या खेपा त्या गोष्टीत कधीच येत नाहीत. लहान पोरं हसतात. त्यांनी तिले पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी ती तेवढीच. म्हणून हे लिहाले बसलो, जसं येते तसं.

स्टेअरिंग माझ्या खोलीत खुंटीवर आहे. सून चांगली आहे, पण दर दिवाळीले म्हणते, मामंजी, काथ्यानं घासून देते, भिंतीले डाग पडतात. मी तिले हात लावू देत नाही. पुसलं की बोटाले पिवळं लागतं. त्यातलं लोखंडाच्या गंजाचं किती अन् हळदीचं किती, ते मले सांगता येत नाही. भावाले म्हणावं, तुले येत असंल तर ये घरी अन् माझ्यासमोर सांग.