घोरणं थांबतं तेव्हा

आमच्या घरात घोरण्याला मान होता. लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा सासूबाई मला म्हणाल्या होत्या, "बघ, कसा गाढ झोपलाय!" दाराआडून येणारा आवाज ऐकून मीही कौतुकाने मान डोलावली होती. घोरणारा माणूस सुखी आणि कूस बदलत पडणारा काळजीत, अशी सरळ समजूत होती. त्यामुळे पुढची बरीच वर्षं नवरा घोरत राहिला आणि त्याची झोप उत्तम आहे असं आम्ही सगळे धरून चाललो.

पुण्याहून आम्ही जर्मनीत झिंडेलफिंगेनजवळ राहायला आलो, तेव्हाही हे बदललं नाही. नवरा गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होता आणि त्याचं काम आवाजाचं होतं. चालत्या गाडीत गुणगुण कुठून येते, कुठली प्लास्टिकची पट्टी किरकिरते, दार लावल्यावर 'ठप्प' ऐवजी 'ठण्ण' का होतं, हे माइक लावून शोधायचं. त्यासाठी चाचणीच्या गाड्या स्वतः चालवाव्या लागत. त्या चालवण्यासाठी तो जर्मनीत आला होता, असं म्हटलं तरी चालेल. पगार, घर, मुलीची शाळा हे सगळं त्याच्या यादीत नंतर येत होतं.

मी एका बेकरीच्या दुकानात अर्धवेळ काम करायचे. पाळी पहाटेची, म्हणून मी लवकर निजायचे आणि कानात मेणाचे बोळे घालायचे. त्याचं घोरणं वर्षानुवर्षं माझ्या शेजारी चालू होतं, पण मी ते नीट ऐकलं असं नाहीच.

दिसत होतं ते एवढंच की त्याला कुठेही झोप लागायची. पालकसभेत, दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत तोंड उघडं असताना, जेवायला बोलावलेल्या पाहुण्यांसमोर. पाहुणे हसायचे. "नशीबवान आहात, आम्हाला गोळ्या घ्याव्या लागतात." तोही हसायचा आणि सकाळी उठायचा तो डोकं धरूनच. थकवा कामाचा, डोकेदुखी हवेची आणि रक्तदाब वयाचा, अशी आम्ही आपसात वाटणी केली होती.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. एका शनिवारी बाजारातून परत येताना आमची गाडी सिग्नलला उभी होती.

"अरे, हिरवा झाला," मी म्हटलं.

"बघतोय की."

"डोळे मिटून?"

मागच्याने हॉर्न वाजवला. जर्मनीत हॉर्न वाजला की काहीतरी खरंच चुकलेलं असतं. त्या दिवसापासून तो चालवत असला की मी शेजारी बसून सतत बोलायला लागले. बेकरीतली गिऱ्हाइकं, भाज्यांचे भाव, पुण्यातल्या नातेवाइकांची भांडणं, काहीही. मुलगी मागून वैतागून जर्मनमध्ये विचारायची, आई आज इतकी का बोलतेय? तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर ती जर्मनमध्येच देते. मी तिला कारण सांगितलं नाही, पण बोलणं थांबवलंही नाही.

डॉक्टरकडे जायला तो तयार नव्हता. "एकदा कागदावर आलं ना, की मला चाचणीच्या गाडीतून उतरवतील. मग मी ऑफिसात बसून दुसऱ्यांनी आणलेले आवाज ऐकत बसायचं?" आमच्या डोक्यात पुण्यातल्या कारखान्याचा दवाखाना होता. तिथे सर्दी झाली तरी साहेबाला दुपारपर्यंत कळायचं. मला त्याचं म्हणणं पटत नव्हतं, पण खोडूनही काढता येत नव्हतं.

मग भांडण भलत्याच मुद्द्यावर गेलं. मी म्हटलं, तुझं घोरणं फार वाढलंय. तो म्हणाला, 'फार' म्हणजे किती? आवाजवाल्या माणसाला 'फार' हा शब्द चालत नाही. "मोजू," तो म्हणाला, आणि ऑफिसात विचारून एक चांगला माइक आणि रेकॉर्डर घरी घेऊन आला.

रविवारी दुपारी वरणभात, बटाट्याची भाजी आणि दही असं जेवून तो वामकुक्षीला आडवा झाला. आमच्या इमारतीतही त्या वेळेला शांतता पाळायचा नियम होता, म्हणजे प्रयोगाला उत्तम. मी त्याच्या उशापासून थोड्या अंतरावर माइक ठेवला, खिडकीबाहेरचं शटर निम्मं खाली घेतलं आणि स्वयंपाकघर आवरायला गेले. वामकुक्षी म्हणून डाव्या कुशीवर निजलेला माणूस जरा वेळाने उताणा झाला असावा, कारण भांडी घासताना मला आवाज येऊ लागला.

संध्याकाळी त्याने ते रेकॉर्डिंग लॅपटॉपवर उघडलं. पडद्यावर काटेरी कुंपणासारखी रेघ उमटली. तो खूश झाला. "बघ, अगदी आपल्या मिक्सरएवढाही नाही." मग त्याचं बोट थांबलं. कुंपणात मोकळ्या जागा होत्या. काटे, काटे, मग सपाट रेघ, मग एक प्रचंड काटा, पुन्हा काटे.

"वायर सैल असणार," तो म्हणाला. "मधे मधे माइक बंद पडलाय. तू धक्का लावलास का?"

"मी स्वयंपाकघरात होते."

त्याने ती सपाट जागा मोठ्या आवाजात लावली. खोलीत फक्त टिकटिक ऐकू आली. ते माझं बेकरीसाठीचं गजराचं घड्याळ होतं, उशाजवळचं. टिकटिक चालूच राहिली, आणि मग घशातून ओरबाडल्यासारखा एक श्वास आला, बुडता माणूस पाण्याबाहेर येतो तसा.

"माइक बंद असता तर घड्याळ कसं ऐकू आलं?" मी विचारलं.

 दारात उभी असलेली मुलगी म्हणाली, "पापा, दास मिक्रो इस्ट ओके. दास बिस्ट डू." म्हणजे माइक ठीक आहे, तो तूच आहेस.

त्याने ती जागा पुन्हा लावली, पुन्हा ऐकली. इतकी वर्षं त्याच्या धंद्यात शांतता म्हणजे काम फत्ते. आवाज थांबला की सगळे हात मिळवायचे. स्वतःच्या घशातली शांतता त्याला बिघाड वाटली, पण वायरीचा.

मी गाडीची चावी खुंटीवरून काढून पर्समध्ये टाकली. वाद झाला नाही.

डॉक्टरांच्या तारखा काही आठवड्यांनंतरच्या मिळाल्या. तोवर तो बसने जाऊ लागला. ऑफिसात त्याने गाडी गॅरेजमध्ये असल्याचं सांगितलं. पण गाड्या बनवणाऱ्यांच्या ऑफिसात ही थाप किती दिवस टिकणार? एकाने क्लचबद्दल विचारलं, दुसऱ्याने स्वतः येऊन बघतो म्हटलं. चाचणीच्या फेऱ्या त्याने काही ना काही सांगून टाळल्या. घरी येऊन तो चावी कुठे आहे हे विचारायचा नाही, पण माझ्या पर्सकडे बघायचा.

सासूबाईंना फोनवर सांगितलं, तर त्यांचा विश्वास बसेना.

"झोपेचा त्रास? त्याला? अगं, त्याला तर कुठेही झोप लागते!"

"तोच त्रास आहे, आई."

"दुधात जायफळ उगाळून दे. आणि तळपायाला तूप चोळ."

"झोप आणायची नाहीये. झोपेत श्वास चालू ठेवायचाय."

 मग त्या म्हणाल्या, "हेही असेच घोरायचे." सासरे काही वर्षांपूर्वी एका दुपारी झोपेतच गेले होते. भाग्यवान मरण, असं सगळे म्हणाले होते आणि मीही म्हणाले होते. त्या फोननंतर मला त्या भाग्याबद्दल प्रश्न पडला. त्याचं उत्तर आता कुणाकडेच नाही, म्हणून मी तो विचारला नाही.

नवऱ्याला एक रात्र श्लाफलाबोरमध्ये, म्हणजे झोप तपासण्याच्या प्रयोगशाळेत, काढावी लागली. सकाळी मी त्याला आणायला गेले तेव्हा केसांत चिकट पेस्टचे गोळे होते.

"काय काय लावलं होतं?" मी विचारलं.

"डोक्याला वायरी, छातीला पट्टे, पायाला वायरी, नाकाशी नळी, बोटाला चिमटा. आमच्या चाचणीच्या गाडीलासुद्धा इतके सेन्सर नसतात."

"आणि झोप लागली?"

"लगेच. नर्स म्हणाली, असा पेशंट पहिल्यांदाच बघतेय."

डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या होत्या. मी प्रश्न विचारत गेले आणि त्या न कंटाळता उत्तरं देत गेल्या. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. ह्यांच्यात ते इतके सैल पडतात की श्वासाची वाटच मिटते. रक्तातला प्राणवायू कमी होतो, मेंदू घाबरून माणसाला ढोसतो, तो क्षणभर जागा होऊन श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. रात्रभर हेच.

"मग त्याला सकाळी आठवत का नाही?"

"ते जागं होणं इतकं छोटं असतं की आठवण तयारच होत नाही."

मला हे फार चमत्कारिक वाटलं. आयुष्यभर रोज रात्री केलेल्या कामाबद्दल माणसाला स्वतःला काहीच सांगता येत नाही. तो सांगतो ते फक्त 'छान झोपलो'.

उपाय त्यांनी सांगितले ते असे. पोट कमी करा. संध्याकाळची बिअर सोडा. उताणं झोपू नका. काही लोक बनियनच्या पाठीला टेनिसचा चेंडू शिवतात, म्हणजे उताणं होताच टोचतो. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नका, घसा आणखी सैल पडू शकतो. काहींना जबडा पुढे धरणारी दातांची पट्टी चालते, काहींचं ऑपरेशन करतात. ह्यांच्या बाबतीत मात्र मशीन: नाकावर मास्क, त्यातून हवेचा हलका दाब, म्हणजे वाट उघडी राहते.

मग नवऱ्याने घसा खाकरून मुख्य प्रश्न विचारला. कंपनीला कळवणार का?

"मी?" बाईंना प्रश्नच कळला नाही. "पेशंटचं बाहेर सांगायची मला परवानगी नाही. पण तुम्हाला सांगते: उपचार लागू पडेपर्यंत गाडी चालवायची नाही. मशीनमधली नोंद चांगली आली आणि दिवसा झोप येईनाशी झाली, की चालवा."

म्हणजे ज्या भीतीने तो इतके महिने आला नव्हता, ती भीती आम्ही पुण्याहून सामानात घेऊन आलो होतो.

मशीन घरी आलं. पहिल्या काही सकाळी काहीच सुधारणा नव्हती. गालावर पट्ट्यांचे वळ, नाक कोरडं, डोकं जड. नोंद वाईट आली. हवा गळतेय, मास्क नीट बसत नाही, असं कळलं. मोठा मास्क, छोटा मास्क, पट्टे घट्ट, पट्टे सैल, सगळं झालं. शेवटी एका सुट्टीच्या सकाळी तो पलंगावर मास्क लावून बसला, मशीन सुरू केलं आणि डोळे मिटून ऐकू लागला. ऑफिसात दाराच्या रबरातून शिरणाऱ्या वाऱ्याची शीळ शोधतात, तशी तो शोधत होता. मग मास्क काढून म्हणाला, "मिशीतून."

ती मिशी कॉलेजपासूनची होती. जाड, खाली वळलेली, पासपोर्टावरची. मधे एकदाच उतरली होती, सासरे गेले तेव्हा.

"कापून बारीक कर," मी म्हटलं.

बारीक केली. तरी गळत होती. क्रीम लावून झालं. "आई यायचीये उन्हाळ्यात," तो आरशात बघत म्हणाला. "तिच्यासमोर असा सफाचट उभा राहू?"

"आईला आणायला एअरपोर्टवर गाडी कोण नेणार? मी?" मी शहरातल्या शहरात चालवायचे. आउटोबानवर, म्हणजे तिथल्या हायवेवर, मी ताशी ऐंशीने जाते हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

तो न्हाणीघरात गेला आणि दार लावून घेतलं. बाहेर आला तेव्हा वरचा ओठ फिकट पांढरा दिसत होता, उन्हाळ्यात घड्याळ काढल्यावर मनगट दिसतं तसा. मुलगी त्याच्याकडे बघत राहिली, मग शहाणपणाने काही न बोलता शाळेत गेली.

बदल हळूहळू नाही, झटकन झाला. त्या आठवड्याच्या शेवटी तो सकाळी माझ्या दुकानात ब्रेड घ्यायला आला, चालत. डोकेदुखी नव्हती. संध्याकाळी पेपर वाचताना तो पान उलटत होता. पुढची नोंद चांगली आली, डॉक्टर बाईंनी मान हलवली, आणि गॅरेजमधली गाडी एकदाची दुरुस्त झाल्याचं त्याने ऑफिसात जाहीर केलं. चाचणीच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. मी चावी खुंटीवर ठेवली. पण तो चालवत असला की बोलायची मात्र थांबले नाही. उपचार त्याच्यावर झाले होते, माझ्यावर नाही.

उन्हाळ्यात फ्रांकफुर्टच्या एअरपोर्टवर सासूबाई ट्रॉली ढकलत बाहेर आल्या, मुलाकडे बघून जागच्या जागी थांबल्या आणि चारचौघांत म्हणाल्या, "अरे, मी जिवंत आहे अजून!"

"आई, मशीनसाठी काढली," मी म्हटलं.

"मिशी काढून झोप येते होय?"

"झोप आधीही यायची. आता श्वासही येतो."

त्यांनी त्याच्या ओठावरून एकदा बोट फिरवलं आणि मला गाडीत बसल्यावर सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. माझं सांगून झालं तेव्हा आम्ही आउटोबानला लागलो होतो. तो सरळ बसून चालवत होता, आरशात बघत होता, ट्रकच्या मागे अंतर ठेवत होता. पुढे काय बोलावं याचा मी विचार करत होते, एवढंच मला आठवतं.

जाग आली तेव्हा गाडी आमच्या इमारतीखाली उभी होती.

"केवढी घोरतेस गं!" मागून सासूबाई म्हणाल्या. "अर्धा रस्ता ऐकतेय मी."

मी पट्टा सोडला. "सलग घोरत होते की मधे थांबत होते?"

"सलग," नवरा इंजिन बंद करत म्हणाला. "माझं लक्ष होतं."