टीव्हीपुढची रोवणी

"इस्केमिक स्ट्रोक," गोंदियाचे डॉक्टर म्हणाले आणि एमआरआयची फिल्म त्यांनी उजेडापुढे धरली. म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली. आमच्याकडे याला अंगावरून वारं जाणं म्हणतात. माझ्या डाव्या अंगावरून गेलं होतं. फिल्मवर एक ठिपका दिसला. एवढ्याशा ठिपक्यानं माझा हात आणि पाय नेला, हे मला पटेना. मला तसं काहीच लवकर पटत नाही. बाजारात भाजीची जुडीसुद्धा मी सोडून बघते.

सकाळी चहाची बशी डाव्या हातातून सुटली होती. झोपेत हात आखडला असेल म्हणून मी तासभर तेल चोळत बसले. ही चूक तुम्ही करू नका. तोंड वाकडं झालं, हात गळाला, जीभ जड झाली की तडक दवाखाना गाठा.

नऊ दिवसांनी आमगावजवळच्या आमच्या गावी परतले. हाताचं मला एवढं नव्हतं. मला हवं होतं एकटीनं संडासला जाणं. सून वर्षा मला काखेत धरून न्यायची आणि दार उघडं ठेवून उभी राहायची. तिनं कधी नाक मुरडलं नाही, त्याचीच मला जास्त लाज वाटायची.

महिनाभरानं फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, "काकू, आता घरी गेम खेळायचा." याला एक्सरगेम म्हणतात, म्हणजे व्यायाम करवून घेणारा व्हिडिओ गेम. नितीननं, माझ्या मुलानं, कोणाकडून तरी जुनं यंत्र आणून टीव्हीखाली ठेवलं. त्याचा कॅमेरा आपल्याला बघतो आणि पडद्यावर आपली बाहुली हलते. वरून आंबे पडतात, ते वाकून टोपलीत टाकायचे.

माझ्या मनात पाल चुकचुकली. खेळणं कोणाला देतात? लेकराला, नाहीतर ज्याचं आता काही होणार नाही त्याला. नितीन आणि मॅडम दाराशी हळू आवाजात बोलले होते, तेही मी पाहिलं होतं.

म्हणून मी यंत्राचीच परीक्षा घेतली. वर्षा चुलीकडे गेली तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या नुसता उजवा हात हलवला. यंत्रानं टाळ्या वाजवल्या, तीन चांदण्या दिल्या. खोटारडं! अशा शाबासकीला काय चाटायचं?

पण वर्षा ऐकेना. पाठीमागे खुर्ची ठेवून ती मला रोज उभी करायची. पहिले काही आंबे मिळायचे. मग खेळ थांबायचा आणि इंग्रजीत काहीतरी लिहून यायचं.

"का म्हणते वो ते?"

"माणूस दिसत नाही म्हणते, आई."

"काऊन? मी का मेली का?"

वर्षा हसू दाबत म्हणाली, "तुमी मागं मागं सरून कॅमेऱ्याच्या बाहेर जाऊन राहिल्या. मागं नोका जाऊ."

मला कळतच नव्हतं. वाकलं की पाय आपोआप मागे जायचा. चाळीस वर्षं धानाची रोवणी केली. चिखलात वाकायचं, रोप टोचायचं, पाऊल मागे घ्यायचं. पुढे गेलो तर लावलेलं धान तुडवलं जाईल. ते यंत्राला कोण सांगणार? खेळ अर्धवट राहिला की मिळालेले आंबेही धरत नव्हते, म्हणून रोज शून्य गुण. वर्षा ते वहीत लिहून ठेवायची आणि माझा संशय पक्का होत जायचा.

पुढच्या खेपेला मॅडमनी वही बघितली आणि वर्षानं काढलेला व्हिडिओ दोनदा लावला. दोघी एकमेकींकडे बघू लागल्या. माझा धीर सुटला.

"लपवून नोका ठेवू. डॉक्टरनं हात टेकले ना? म्हणून मले खेळणं देलं?"

"हात टेकले असते तर एवढी मेहनत कायले करवली असती?" मॅडम तडकल्या. "काकू, तुम्ही चार पावलं उलट्या चालल्या. हा बॅलन्स आहे, म्हणजे तोल. मागे जाताना दिसत नाही, पायालाच समजावं लागतं. बहुत मुश्किल असतं."

"वर्षानं धरलं असंल," मी म्हटलं.

मग मीच मोबाइल मागून घेतला. व्हिडिओत मी वाकत होते, मागे सरत होते. जवळ कोणी नव्हतं. खुर्ची बाजूला सरकलेली होती. आणि व्हिडिओ काढणारीचे दोन्ही हात मोबाइललाच होते. मॅडमनी त्यावरून वर्षाला चांगलंच फैलावर घेतलं. मी मात्र तो व्हिडिओ परत परत बघत राहिले, आणि डोळ्यांतून पाणी आलं ते पुसलं नाही.

तुमच्या घरी असं यंत्र आलं तर संशय खुशाल घ्या, पण मनात कुजवू नका, तोंडानं विचारा. आणि जवळ माणूस असल्याशिवाय खेळू नका. यंत्राच्या चांदण्यांवर माझा आजही विश्वास नाही. वर्षावर आहे. तिला मी हे कधी सांगितलं नाही, म्हणून इथं लिहिते.

दोन महिन्यांनी एका सकाळी मी काठी घेऊन उठले आणि भिंतीच्या कडेनं संडासापर्यंत गेले. वर्षा मागून धावत आली.

"आई, दार लोटूनच ठेवा!"

"जा, तुयं काम कर," मी म्हटलं, आणि डाव्या हातानं कडी लावली. तीन वेळा सुटली, चौथ्यांदा बसली.

आत मी जरा जास्तच वेळ बसले.