जुम्म्याचा घाणा

"जळल्यात! आये, परत कोळसा केलास!"

"कोळसा कशाला? काळ्याच लागतात ना तुझ्या त्या कापीला?"

"काळ्या न्हाय, तपकिरी! परवा कसल्या मस्त भाजल्यास. आज काय झालं?"

"आज तुझं तोंड सुटलंय, हे झालं."

केसरीनाथने जाळीत ओतलेल्या कॉफीच्या बिया मुठीत चुरडल्या. काळा भुगा त्याच्या बोटांना चिकटला. गुणाबाईने उजव्या कानावरून पदर आणखी पुढे ओढला.

कामतघर गावात त्यांचा मसाला कुटायचा डंक. मिरची भाजायची गुणाबाईने आणि कुटायची डंकाने, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. "गुणाबाईच्या नाकाखालून गेला तो मसाला वर्षभर बिघडत न्हाय," असं पार पडघ्यापर्यंतच्या बायका म्हणायच्या. ठाण्यात कॉफीची दुकानं निघायला लागली, तसं केसरीनाथच्या डोक्यात खूळ शिरलं. त्याने बंगळूरहून बिया भाजायचं एक जुनं रोस्टर आणलं आणि डंकाशेजारच्या खोलीत बसवलं. आडवं फिरणारं लोखंडी पिंप, खाली गॅस, समोर वाटीएवढी काच, बाजूला एक बारीक पळी.

"ही पळी ओढायची, बिया नाकाशी धरायच्या. आधी वाळल्या गवताचा वास येतो, मग भाजल्या पावाचा. सगळा खेळ वासाचा हाय, आये. म्हणून तर तुझ्या जिवावर आणलं."

"मना शिकवतोस वास?" ती ठसक्यात म्हणाली.

दिवाळीतल्या तापात तिचं नाक गेलं होतं. ताप उतरला, वास काही परतला नाही. घरात कुणाला पत्ता नव्हता. चैत्रात बायका मिरच्या घेऊन आल्या, तेव्हा तिने युक्ती केली. "तूच सांग गो, झाला का?" "झाला वाटतं, काकी." "मग उतर. शिकलीस बघ!" बायका खूश होऊन जायच्या. पिंपाला मात्र विचारायची सोय नव्हती.

मग तिने कान लावला. बिया तापल्या की लाह्यांसारख्या तडतडतात, ती तडतड विरळ झाली की दार उघडायचं. शुक्रवारी दुपारी जुम्म्याच्या नमाजाला भिंतीपलीकडच्या कारखान्यातले कापडाचे लूम थांबायचे, तेव्हा एकेक बी फुटलेली ऐकू यायची. तो घाणा उतरायचा तो चिंचोक्याच्या रंगावर. बाकीचे दिवस मात्र लूमची खडखड अशी, की भिंतीवरचं कॅलेंडर थरथरायचं. आज तर तिने कान पिंपाजवळ नेला आणि कानाची पाळी भाजून घेतली.

"उद्या तो ठाण्याचा कॅफेवाला येतोय," केसरीनाथचा आवाज खाली आला. "शुक्रवारचा घाणा त्याला आवडला. आता समोर भाजलेलं बघायचं म्हणतो. उद्या काय दाखवू त्याला?"

"त्याला जुम्म्याला बोलव."

"जुम्म्याला का?"

गुणाबाईने जीभ चावली. "असंच. वार चांगला."

केसरीनाथ थरथरणाऱ्या भिंतीकडे बघत राहिला. मग त्याने आईकडे पाहिलं. पदर घसरला होता. कानाच्या पाळीवर पाण्याचा फोड तरारला होता.

"आये, हे गं काय?"

"तेल उडलं."

"इथं तेल कुठलं?"

तो डंकाकडे गेला. डबे वाजले. परत आला तेव्हा हातात यंत्राची ती पळी होती आणि वर दुसऱ्या हाताचा तळवा झाकणासारखा धरलेला.

"डोळे मीट."

"लहान हाय काय मी, खेळ खेळायला?"

"मीट ना, आये." त्याने पळी तिच्या नाकाशी धरली. "आता सांग. यात काय हाय?"

तिने डोळे मिटले. उरात मावेल तेवढा श्वास ओढला. कॉफी असेल? की मिरी? धणे? आयुष्यभर भाजलेल्या एकेका जिन्नसाचं नाव जिभेवर येऊन थांबलं. नाकात नुसती हवा जात होती.

तिने डोळे उघडले. पळीत हिंगाचा खडा होता. दारापर्यंत दरवळला असावा, कारण उंबऱ्यावर मिरच्यांची गोणी घेऊन बसलेली शेजारची सून शिंकत शिंकत म्हणाली, "काय गो काकी, हिंग तळतेस का? माझा मसाला आज होईल ना? तुझ्या नाकाच्या भरवशावर आलेय मी."

"आये?" केसरीनाथ म्हणाला.

गुणाबाईने कानावर पदर घेतला, गोणीला वळसा घातला आणि ती बाहेर पडली.