नाथाजी सुभेदारांच्या परसातला रोमन किल्ला

आमचे अब्बा, दस्तगीर गवंडी, उभी हयात आष्ट्यात दगड घडवत गेले. पण गावात कुणी कधी "वा!" म्हटलं न्हाई. उलट म्हणायचे, "दस्तगीरला काम द्या, नातवाच्या लग्नाला घर मिळंल." गेले बिचारे, तरी लोक हसतात. मला लय राग येतो.

परवा नाथाजी सुभेदारांनी बंगल्याच्या पायासाठी परसात खड्डा काढला. सहा फुटांवर घडीव दगडाची भिंत लागली. मी गवंडीच, खाली उतरलो. वरून सुभेदार ओरडले, "रसूल, थांब! रोमन किल्ला हाय हा!"

सुभेदार पलटणीबरोबर लेबनानला जाऊन आलेले. तिथं रोमन भिंती बघितलेल्या. मग काय, घागरीचा फुटका गळा घावला, तो रोमन दारूचा रांजण. गंजका खिळा म्हंजे भाला. म्हशीचं हाड निघालं, ते सेनापतीचं! दुसऱ्या दिवशी अर्धं गाव नारळ घेऊन हजर.

इथवर मीबी हसत होतो. तर सुभेदार म्हणाले, "सांध्यात ब्लेड जात न्हाई बघ. हे गावठी गवंड्याचं कामच न्हवं."

माझं डोस्कं फिरलं. "आवं, हा तुमच्या वडलांचा बैलांचा हौद हाय! तुमी पलटणीत होता तवा माझ्या बापानं बांधला. मागनं परसात मुरमाची भर घातली, तवा बुजला."

"पुरावा?"

घरी जाऊन अम्माला आणलं. खातूनबी, वय ऐंशी. चौघांनी खुर्चीसकट खाली उतरवली. तिनं कोपऱ्यातला एक दगड चाचपला आणि कडाडली, "माझा पाटा! चाळीस वरसं हुडकतीया मी! दगड कमी पडला म्हणून ह्यांनी घरातनं पळवला व्हय!"

सुभेदारांनी वाकून पाटा बघितला. "म्हंजे रोमन लोक चटणी वाटत होते."

आता कुठं डोकं आपटावं! मी घमेलं फेकलं आणि घरी आलो.

आठ दिवसांनी त्यांनी आम्हां मायलेकांना बोलावलं. खड्ड्यापाशी फळी ठोकलेली. वरच्या ओळीत, 'प्राचीन रोमन किल्ला'. खालच्या ओळीत, 'बांधकाम : दस्तगीर गवंडी, आष्टा'.

"झालं समाधान? दोघांचंबी म्हणणं राहिलं," सुभेदार म्हणाले.

भांडायला पुढं झालो आणि फळीपाशीच थांबलो. अब्बांचं नाव कुठंतरी लिहिलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

अम्माला वाचता येत न्हाई. "काय लिवलंय रं?" तिनं विचारलं.

मी खालची ओळ तेवढी वाचली.

ती म्हणाली, "परत वाच."