आतोबांची न सापडणारी फाइल

माझ्या आत्याच्या यजमानांइतका ओशाळलेला माणूस शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून दुसरा सापडायचा नाही. लोक स्वतःच्या चुकीनं ओशाळतात. आमचे आतोबा दुसऱ्याच्या चुकीनं, आणि कोणाचीच चूक नसली तर तिच्या अभावानंही ओशाळतात. मुरबाडची एसटी उशिरा आली की थांब्यावरच्या बायकांची माफी हेच मागतात. लग्नात भात कच्चा राहिला की वधूपित्याच्या आधी यांची मान खाली. एकदा शेजाऱ्याचा बैल यांच्या अंगणात घसरून बसला, तर त्याला उठवायचं सोडून हे त्याच्यासमोर हात जोडून उभे. "माफ कर रे बाबा, माती आमचीच निसरडी."

नोकरी त्यांनी भातसानगरला, धरणाच्या स्टोअरमध्ये केली. तिथली सवय अशी अंगात मुरली, की घरातही मीठ डब्यात, डबा पेटीत, पेटी फळीवर आणि फळीवर चिठ्ठी. निवृत्त होऊन गावी आल्यावर या माणसानं, कोणाला न सांगता, मोबाइलवरचे व्हिडिओ बघून प्रोग्राम लिहायला घेतला. कारण आत्याचे कान गेले होते. यंत्र लावलं तर "कानात माशी शिरल्यासारखं होतं" म्हणून ती काढून ठेवायची. म्हणून फाटकाजवळ एक बटण, चुलीवरच्या भिंतीला एक दिवा आणि मध्ये काडेपेटीएवढं इलेक्ट्रॉनिक बोर्ड. बटण दाबलं की दिवा लागणार, आत्याला कळणार की कोणीतरी बोलावतंय. एवढंच.

पण प्रोग्राम काही कंपाइल होईना; त्याचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करणारा कंपायलर दर वेळी अडून बसायचा. मी आसनगावला राहतो आणि कॉम्प्युटरच्या कामावर पोट भरतो, हे सगळ्या नात्यागोत्याला ठाऊक आहे. तरी आतोबांनी मला महिनोन्महिने कळवलं नाही. शेवटी आत्याचाच फोन आला. तिला माझं ऐकू येत नाही, त्यामुळे ती एकटीच बोलली. "तुजे आतोबा त्या कॉम्प्युटरम्होरं बसून कोनाचीतरी माफी मागतात रे. येऊन बघ." आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी गेलो. आतोबांनी मला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि मॉनिटरवरचा पंचा उचलला. कोणी आलं की ते पडदा झाकून ठेवायचे; घरातलं नापास झालेलं पोर पाहुण्यांपासून लपवावं तसा. पंच्याखाली लाल ओळ होती: अशी कोणतीही फाइल नाही.

"मी आयुष्यभर स्टोअर सांभाळलं," ते खालच्या आवाजात म्हणाले, "एक नट कमी भरला नाय. आन हा म्हनतो, माल नाय. ही बघ फाइल. डोळ्याम्होरं हाय का नाय?"

होती. पण कुठे? बोर्डाशी बोलायला लागणारी तयार फाइल त्यांनी नेटवरून उतरवली होती आणि खऱ्या स्टोअरकीपरसारखी ठेवली होती: 'माल' या फोल्डरमध्ये 'आलेला माल', त्यात 'तपासलेला माल', त्यात 'वापरात'. तरी सापडेना, तेव्हा धीर सुटून त्यांनी तिच्या नकला डेस्कटॉपवर, पेन ड्राइव्हवर, जागा मिळेल तिथे टाकल्या होत्या. येता-जाता एखादीला तरी कंपायलरची ठेच लागेल या आशेनं.

"आतोबा, तो घरभर हिंडून शोधत नाही. त्याला ज्या जागा सांगितल्यात तेवढ्याच बघतो."

"मग तसं बोलायचं ना त्यानं!"

मी एक सेटिंग चालू करून पुन्हा कंपाइल केलं. कंपायलर कुठल्या कुठल्या फोल्डरमध्ये डोकावला, ते सगळं पडद्यावर उमटलं. आतोबांनी चष्मा सारखा करून, बोट फिरवत, ओळ न् ओळ वाचली. त्यांचं 'माल' फोल्डर तिथे कुठेच नव्हतं. बोट शेवटी थांबलं.

"म्हंजे यानं बघितलं व्हतं," ते म्हणाले. "सांगितलं तितकं सगळं बघितलं. आन आमी उगा वरडत व्हतो."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"हिच्यावर पन असाच वरडायचो रे. आयकत नाय, मुद्दाम करते, डोकं नाय हिला... पावन्यांम्होरं पन बोललो. ती गप बसायची. डॉक्टरनं तपासलं तवा कळलं, तिला आयकूच येत नव्हतं. तवापासून मी आवाज चढवला नाय. पन मागचा परत कसा घ्यायचा?"

मी कामाला लागलो. नकला पुसल्या, फाइल तिच्या ठरल्या जागी ठेवली. लाल ओळ गेली आणि प्रोग्राम बोर्डात उतरला. आतोबांनी पडद्याला नमस्कार केला, तोही चोरून.

मग ते फाटकाशी गेले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. आत्या नाचणीची भाकरी तव्यावर टाकत होती. भिंतीवरचा दिवा लागला. तिनं वर बघितलं, मग माझ्याकडे; मी फाटकाकडे बोट दाखवलं, आणि ती पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर गेली.

"काय वं? कशाला बोलावलंत?"

आतोबांची पंचाईत झाली. दिवा लागावा म्हणून इतका खटाटोप केला, पण ती आल्यावर काय बोलायचं, याचा विचारच केला नव्हता. त्यांचे ओठ हलले. माझ्यापर्यंत काहीच पोचलं नाही.

"मोठ्यानं बोला की!" आत्या म्हणाली.

त्यांनी नुसती मान हलवली. आत्या थोडा वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग पायरीवर बसली आणि बाजूची जागा कोपरानं झाडली. आतोबा तिच्या शेजारी न बसता एक पायरी खाली बसले.

आतून करपल्याचा वास आला. आत्याला हाक मारण्यात अर्थ नव्हता, आणि तिला ऐकू येत असतं तरी मारली नसती. मी आत जाऊन भाकरी उलटली. ती मोडली.