इंजिनावरचा दुसरा डबा

नागनाथ इंगळे, म्हणजे आमचे भाऊ, इंजिनात चढत तेव्हा मी दुसरीकडे बघायचो.

पायरी उंच होती. भाऊ तिच्यावर एक पाय ठेवत, दांडा धरत आणि थांबत. वरून त्यांचा फायरमन द्वारका हात देई. खालून खलाशी, म्हणजे शेडचा मदतनीस, पाठीला खांदा लावी. मग भाऊ वर जात, खिडकीशी बसत, घाम पुसत आणि मला ओरडून सांगत, "चाल मास्तर, बस डब्यात. मी आहे तोवर तुही शाळा बुडत नाही."

साल चौऱ्याऐंशी. साहित्यात बी. ए. करून मी रेल्वेतल्या दादाकडे जयपूरला आलो होतो. फुलेऱ्याच्या एका खाजगी शाळेत तात्पुरता मास्तर होतो. सकाळची पॅसेंजर भाऊ चालवत. संध्याकाळी तेच मला परत आणत. बनी पार्कच्या बाजूला रेल्वेची वसाहत होती. तिथं आमच्या आणि त्यांच्या क्वार्टरमध्ये एक भिंत होती, आणि त्या भिंतीवरून वाट्या यायच्या.

भाऊ अकोल्याकडचे. खांडव्याला क्लीनर म्हणून लागले, अजमेर करून जयपूरला आले. माझ्याहून दुप्पट वयाचे, पण दोस्ती बरोबरीची. बोलणं वऱ्हाडी, त्यात हिंदीची फोडणी. आणि खाणं. मी तसं खाणारा माणूस आधी पाहिला नव्हता. घाईनं नाही, हावरटासारखं नाही. शांतपणे, प्रेमानं, संपेपर्यंत. बाटी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा ते म्हणाले होते म्हणे, "हे तं आपले रोडगेच हायेत, फक्त तुपात पडलेले." त्या दिवसापासून जयपूर त्यांचं झालं.

थंडीत मेडिकल आलं. रेल्वेच्या दवाखान्यातला काटा शंभराच्या पुढं गेला. ब्लड प्रेशरही वर होतं. डॉक्टर चांगले होते. म्हणाले, "गोळ्या देतो. फाल्गुनात परत या. तोवर दोन्ही उतरलं नाही तर मला तुम्हाला इंजिनावरून उतरवावं लागेल. शेडमध्ये बसून काम मिळेल."

भाऊंनी हे मला भिंतीवरून सांगितलं. हातात वाटी नव्हती.

"शेडमध्ये वाईट काय आहे?" मी विचारलं.

"गाडी चालवतो म्हणून लोक मले ड्रायव्हर म्हणतात, मास्तर. खाली उतरलो तं मी नुसता जाड माणूस."

तारावहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, दुसऱ्या दिवसापासून कारभार हाती घेतला. अर्धी भाकर, पालेभाजी, ताक. वाढताना त्या बोलत नसत. एकदा मात्र म्हणाल्या, "लहानपणी दोघंबी उपाशीच होतो. आता खायला हाय तं डाक्टर म्हणते उपाशी राहा." आणि ताटातली अर्धी भाकर आणखी अर्धी केली.

संध्याकाळी फिरायला जायचं ठरलं. सोबत मी, पहारेकरी म्हणून. पण आमचा रस्ता पंडित हलवायाच्या दुकानावरून जाई.

"ड्राइवर साब, गरम हैं।"

"पंडितजी, तबीयत ठीक नहीं।"

"तबीयत के लिए ही तो कह रहा हूँ।"

पंडितजींनी कचोरी पुढं केलेली. भाऊंनी माझ्याकडं पाहिलं. मग पंडितजींच्या तोंडाकडं पाहिलं. मग खाल्ली. एक मीही खाल्ली.

घरी वहिनींनी त्यांचा हात धरून हुंगला. "हिंगाचा वास येऊन राह्यला."

"मास्तरनं खाल्ली."

"अन् वास तुमच्या बोटाले?"

"त्यानं मले दाखवली."

मग मी रस्ता बदलला. कलेक्टरेटच्या बाजूनं झाडं होती आणि हलवाई नव्हता. आम्ही रोज चालत होतो. भाऊ मधेच थांबून विचारायचे, "तू एवढी पुस्तकं वाचली. वजन कमी करायचं एखादं नाही वाचलं?" नव्हतं वाचलं.

तरी काटा हलेना. वहिनी माझ्याकडं संशयानं बघू लागल्या. मी शपथ घेतली. भाऊंनीही घेतली, पण खाली बघून.

कारण मला फुलेऱ्याला सापडलं. शाळा लवकर सुटली होती. शेडमागच्या कडुनिंबाखाली भाऊ आणि द्वारका बसले होते. मधे दोन डबे उघडे. भाऊंच्या डब्यात ती अर्धी भाकर. द्वारकाच्या डब्यात कुस्करलेली बाटी, वर तूप, बाजूला डाळ, झाकणात गोड चुरमा. भाकर द्वारका खात होता. बाकी सगळं भाऊ.

द्वारका मला बघून म्हणाला, "मास्साब, उस्ताद सूख रहे हैं। भाभी से झगड़ा है क्या? मैंने तो घर में कह दिया, घी दुगना डालो।"

भाऊ डाळीत बोट फिरवत राहिले.

संध्याकाळी कलेक्टरेटच्या रस्त्यावर मी विचारलं, "त्याला सांगत का नाही?"

"सांगितलं तं तो डबा आणणं बंद करीन."

"मग बरंच आहे की."

भाऊ एका झाडाखाली थांबले.

"बरं नाही. ऐक. मी इथं बदलून आलो तो पहिला दिवस. सगळ्यायनं नाव विचारलं. मग गाव विचारलं. मग आडनाव. मग जो तो आपला डबा घेऊन तिकडे सरकला. कोणी वाकडं बोललं नाही. म्याबी नाही बोललो. सवय होती. हा द्वारका मागून आला. त्यानं काही विचारलं नाही. डबा उघडून माह्यापुढं ठेवला अन् माह्या डब्यातली भाकर उचलून खाल्ली. म्हणे, इसमें नमक डालना भूल गए क्या? तवापासून दोन डबे सोबतच उघडतात. आता मी त्याले म्हणू, तुहा डबा झाक?"

आम्ही तसेच घरी आलो.

वहिनींना मीच सांगितलं. त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाल्या, "द्वारकाभाऊचा डबा तुटायचा नाही. घरचं तोडा."

त्या दिवसापासून भाऊंचं रात्रीचं जेवण बंद झालं. फक्त ताक. घरातल्या कुणी त्यांच्यासमोर जेवायचं नाही असं वहिनींनी ठरवलं. भाऊंनी ते मोडलं. ते सगळ्यांच्या ताटांसमोर बसत, ताकाचा पेला हातात धरून, आणि मुलांना आग्रह करत. भाजी कशी झाली ते आम्हाला विचारत आणि उत्तर लक्ष देऊन ऐकत. ते बघणं मला जड जाई. पण काटा हलला. हळूहळू पट्ट्याला आतलं भोक पाडावं लागलं.

आणि मग फाल्गुन आला. द्वारकाच्या मुलीचं, मधुमतीचं, लग्न निघालं. मेडिकलच्या आदल्याच दिवशी.

लग्न जयपुरातल्याच हसनपुऱ्यात होतं. आम्ही दुपारी पोचलो. तिकडं पाहुण्याला मनुहार करतात. म्हणजे घरचा माणूस घास हातात घेऊन तुमच्या तोंडाशी आणतो. तुम्ही मान वळवायची, त्यानं शपथ घालायची, तुम्ही खायचा. मग दुसरा येतो. नको म्हणणं हा त्यातला रिवाजच आहे, त्यामुळं खरोखरचं नको कुणाला ऐकू येत नाही.

उस्तादांची कीर्ती आधीच पोचली होती. द्वारकाचे साडू, मेहुणे लाडू घेऊन रांगेत उभे राहिले. भाऊ सतरंजीवर बसलेले. चुरम्याचा लाडू, मुठीएवढा, त्यांच्या तोंडाशी. पलीकडं बायकांत वहिनी उभ्या होत्या. त्यांनी पदर मुठीत धरला होता. वहिनींना ठाऊक होतं आणि मलाही. या माणसानं आयुष्यात कुणाचा हात परत पाठवला नव्हता.

भाऊंचं तोंड उघडलं. आणि उघडंच राहिलं.

"द्वारका कुठे... द्वारका कहाँ है? उसने खाया?"

"वो कैसे खाएगा, उस्ताद?" लाडूवाला हसला. "कन्यादान तक लड़की के माँ-बाप, ताऊ-चाचा, सबका व्रत रहता है।"

"तो मुझे काहे को खिला रहे हो?" भाऊ म्हणाले. "ताऊ मैं नहीं हूँ क्या?"

ताऊ म्हणजे बापाचा थोरला भाऊ. खाटेवर एक पागोटेवाले म्हातारे बसले होते. त्यांनी विचारलं, "कौन हैं ये?"

कुणी उत्तर देईना. तेवढ्यात आतून द्वारका आला. हात हळदीनं भरलेले. त्यानं लाडू पाहिला, भाऊंना पाहिलं.

"ताऊजी हैं," तो म्हणाला. "मुझसे बड़े।"

म्हाताऱ्यांनी भाऊंना वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग खाटेवर सरकले आणि शेजारची जागा हातानं झटकली.

भाऊ तिथं जाऊन बसले. दिवेलागणीला फेरे होईपर्यंत पाण्यावर. समोरून पंगती उठत होत्या. जिलबीची ताटं जात होती. भाऊ प्रत्येक ताटाकडं बघत होते, आणि हात मांडीवर होते. मी त्यांच्याकडं बघत होतो. मला विश्वास बसत नव्हता.

मी कानाशी लागून विचारलं, "भाऊ, मेडिकलसाठी केलं ना?"

"लाडू तोंडाशी होता तवा मेडिकल आठवत होतं," ते म्हणाले. "बाप उपाशी हाय हे समजलं अन् मेडिकल विसरलो. खरं सांगतो."

कन्यादान झालं. द्वारका एक ताट घेऊन भाऊंसमोर बसला. दोघांचा उपास एकाच ताटात सुटायचा होता. त्यानं घास भाऊंच्या तोंडात घातला. भाऊंनी त्याच्या तोंडात घातला. द्वारकानं दुसरा घास उचलला तेव्हा भाऊंनी त्याचं मनगट धरलं.

"बस।"

"बस? आप?"

तेव्हा कुठं भाऊंनी सगळं सांगितलं. काटा, प्रेशर, शेड, उद्या सकाळ. द्वारकाचा हात तसाच वर राहिला. घास ओघळून ताटात पडला.

"पहले बता देते, उस्ताद! घी कम डलवाता।"

"इसीलिए नहीं बताया।"

द्वारका आधी हसला. मग त्यानं पागोट्याच्या शेवानं डोळे पुसले आणि म्हणाला, धूर लागला.

सकाळी मी दवाखान्याच्या बाहेर उभा होतो. द्वारकाही होता, लग्नाच्या कपड्यांतच. भाऊ बाहेर आले. काटा शंभराच्या आत होता. प्रेशर अजून जरासं वर. डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने चालवा, मग पुन्हा या, आणि ताक सोडू नका.

"म्हणजे पास?" मी विचारलं.

"म्हणजे अजून उतरवलं नाही," भाऊ म्हणाले. "सहा महिन्यांनी पुन्हा हेच."

दोन दिवसांनी मी फलाटावर उभा होतो. या वेळी दुसरीकडं बघितलं नाही. खलाशी सवयीनं खांदा लावायला आला. भाऊंनी त्याला बाजूला केलं. एक पाय पायरीवर. मग दुसरा. ते वर पोचलेच होते. कुणाची गरज नव्हती.

पण वरून द्वारकाचा हात आलेला होता, रोजच्यासारखा.

भाऊंनी तो धरला.

मग ते खिडकीशी बसले. त्यांच्या पलीकडं, भट्टीच्या वरच्या फळीवर, दोन डबे गरम होत होते.

"चाल मास्तर," ते ओरडले, "बस डब्यात."