दोन खोल्यांतली भावंडं

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले आणि त्यातलं बरंचसं विसरलोही. बसस्थानकावरची ती दोन पोरं मात्र अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत. तेव्हा मी भंडारा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि स्वभाव होता तसाच तापट होता.

खबर दिली बसस्थानकासमोर पेरू विकणाऱ्या बाईने. सकाळच्या हजेरीलाच ती ठाण्यात येऊन उभी राहिली.

"सायेब, बंद रसवंतीत दोन पोट्टे रायतेत. मोठा हॉटेलात कपबश्या धुते. पन लहाना पोट्टा नाही, पोरगी हाये."

"कशावरून?"

"मोठा तिले रोज बायांच्या संडासात धाडते अन् सोता बाहेर पहारा देते. पोट्ट्याले तिकडे कायले धाडन? मले त काही बराबर नाही वाटून रायलं."

बसस्थानकावरच्या आमच्या कॅमेऱ्यांना जे दिसलं नव्हतं ते तिला दिसलं होतं. स्टेशन डायरीला नोंद करून दोघांना आणवलं. मुलगा सोळाचा, मुलगी आठेक वर्षांची. तिचे केस वेडेवाकडे कापलेले, अंगात मुलाचा सदरा. विचारलं तर नावही मुलाचंच सांगितलं. शेजारच्या जिल्ह्याचा संदेश आलेलाच होता: मुलींच्या बालगृहातली मुलगी शाळेच्या फाटकातून बेपत्ता, अज्ञाताविरुद्ध अपहरणाचा गुन्हा दाखल. वर्णन जुळत होतं. प्रकरण हातात आलं, असं मला वाटलं.

मग जन्मभर केलं तेच केलं. गणवेश उतरवून साधे कपडे घातले, कारण मुलांसमोर तसंच बसावं लागतं. मुलाला माझ्या खोलीत घेतलं, मुलीला महिला अंमलदारासोबत पलीकडच्या खोलीत बसवलं. दोघांना वेगळं विचारायचं आणि उत्तरं ताडून पाहायची, हा आमचा शिरस्ता. भल्याभल्यांची बोबडी त्यात वळते. इथे मात्र दोन तास गेले आणि हाती शून्य. मी आवाज चढवला तरी मुलगा भिंतीकडेच बघत राहिला. एकदाच म्हणाला, "ती जेवली का?"

ती जेवली नव्हती. पोह्यांची प्लेट तशीच पडली होती. महिला अंमलदार माझ्याकडे येऊन म्हणाली, "सर, पोरगी दाराकडंच पाहते नुसती. 'आमाले पुन्हा अलग केलं का?' एवढंच पुसते."

'पुन्हा' ऐकलं आणि मी शिरस्ता बाजूला ठेवला. तिला माझ्या खोलीत आणवलं. तिने येऊन भावाची बाही धरली. त्याने प्लेट तिच्यापुढे सरकवली. ती खाऊ लागली तेव्हा कुठे तो बोलला.

"सख्खी बहीन हाये माह्यी. माय मेली त मले पोट्ट्यांच्या बालगृहात टाकलं, हिले दुसऱ्या जिल्ह्यात पोरींच्या. मी पळालो अन् हिले शाळेतून आनलं. केस म्याच कापले."

"केस का कापले?" मी विचारलं.

"पकडलं तरी दोघालेबी पोट्ट्यांच्याच घरात ठेवतीन मनून."

महिला अंमलदाराने तोंड फिरवलं. माझा राग कुठल्या कुठे पळाला.

"तुमचं दुसरं कोणीच नाही का रे?"

"मावशी हाये ना, दिघोरीले."

"मग आधी सांगायचं ना!"

"कोनं पुसलंच नाही."

मी त्यांच्या आईच्या मृत्यूची जुनी फाईल मागवली. त्यांची आई आमच्याच हद्दीतल्या वीटभट्टीवर साप चावून गेली होती. मुलांच्या चौकशी अहवालात एकच ओळ होती: 'जवळचे नातेवाईक आढळून आले नाहीत.' खाली सही माझी. त्या दिवशी बंदोबस्ताला निघताना, चालू जीपच्या बोनेटवर कागदांचा गठ्ठा ठेवून मी सह्या केल्या होत्या. एकही कागद वाचला नव्हता. मला माझीच लाज वाटली.

त्याच दुपारी दिघोरीला गेलो. मावशी शेतात भाताच्या रोवणीत होती. चिखलाच्या पायांनी धावत बांधावर आली.

"पोरं सरकारनं नेले, आता भेटत नाही, असं सांगतलं मले लोकायनं. घर लहान हाये सायेब, पन पोरं माह्यीच हायेत."

बालकल्याण समितीपुढे मी स्वतः उभा राहिलो आणि चूक लेखी मान्य केली. गृहचौकशी होईपर्यंत दोघांना एकत्र ठेवावं, ही माझी विनंती समितीने मानली. अपहरणाचं प्रकरण निकाली निघालं आणि भावंडांचा ताबा मावशीकडे गेला.

ताब्याच्या दिवशी मुलाला बाजूला घेतलं. "तुमची ताटातूट ज्या कागदाने झाली, त्यावर सही माझी होती. मी तो वाचला नव्हता," म्हणालो. त्याने शिवी दिली असती तरी मी ऐकून घेतली असती.

बहिणीचा हात न सोडता तो म्हणाला, "आता वाचून करत जा, सायेब."

वरिष्ठांची बोलणी मी जन्मभर खाल्ली, पण इतक्या हळू आवाजात आणि इतकं योग्य कोणी सुनावलं नव्हतं. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मुलांच्या चौकशीचा एकही कागद वाचल्याशिवाय आणि पोरांशी स्वतः बोलल्याशिवाय मी पुढे धाडला नाही. उशीर व्हायचा, वरून फोन यायचे. मी ते येऊ दिले.